बुडातून आलेलं पाणी

समोरच्या गच्चीवरच्या काकू एप्रिलच्या भर उन्हात, तीन वाजता, डोक्यावर पदर घेऊन मोगऱ्याला बादलीनं पाणी घालत होत्या. मोगऱ्याची पानं लोंबलेली, कोवळे शेंडे माना टाकून. खालून दिसलं, बघवलं नाही, म्हणून बिचाऱ्या तीन मजले चढून आल्या. कुंडीच्या बुडातून धार लागली, ती त्यांनी समाधानानं पाहिली आणि त्या खाली गेल्या. संध्याकाळी साडेसहाला मोगरा ताठ. झालं, काकूंचा हिशेब पक्का: पाणी घातलं म्हणून झाड वाचलं, उद्यापासून दुपारचंही पाणी सुरू. आता यांना सांगायचं कुणी, की ते झाड पाणी न घालताही संध्याकाळी तसंच उठून उभं राहिलं असतं? आणि बुडातून जी धार आली, त्यातलं फारसं काही मुळांना मिळालंच नसेल? दया करणाऱ्या माणसाला ‘तुमची दयाच झाडाला नडतेय’ असं तोंडावर म्हणता येत नाही. जिन्यात भेटल्यावर ‘काय म्हणतोय मोगरा’ एवढंच बोलणं होतं.

नाशिकचा उन्हाळा मोठा फसवा. रात्री पारा वीस-बावीसपर्यंत उतरतो, पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते, आणि दुपारी तोच चाळिशीला टेकतो. हवेत दमटपणा जवळजवळ नाही. त्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, तो पानांतलं पाणी अक्षरशः ओढून नेतो. पानांतून जितक्या वेगानं पाणी उडतं, तितक्या वेगानं मुळांना ते वर चढवता येत नाही. माती ओली असली तरी नाही. मग झाड पानांची रंध्रं मिटून घेतं, पानं सैल सोडतं, म्हणजे उन्हासमोर त्यांचा कमी भाग येतो. हा झाडाचा स्वतःचा बंदोबस्त आहे. तहान ओळखायची वेळ दुपारची नव्हे, सकाळी सातची. सकाळी सातलाही मान खाली असेल तर काहीतरी खरंच बिनसलंय. तेव्हा बोट मातीत दोन पेरं आत घालायचं. कोरडं लागलं तर तहान. ओलं लागलं, आणि मातीला आंबूस, कुजका वास आला, तर मुळं सडतायत, आणि आणखी एक तांब्या घालणं म्हणजे शेवटचाच तांब्या. दोन्ही आजारांत पानं सारखीच लोंबतात, हीच तर गोची आहे. उन्हाळ्यात कुंड्यांतली झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त वेळी-अवेळी, भलत्या जागी घातलेल्या पाण्यानं मरतात. मे अखेरीला गच्च्यांवर उरलेल्या रिकाम्या कुंड्या पाहिल्या की याची खात्री पटते.

आता त्या धारेबद्दल.

आपल्याकडची काळी माती सुकली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुंडीत ती भेग गोल पडते, मातीचा गोळा आणि कुंडीची भिंत यांच्यामध्ये, कडेकडेनं. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि बुडातून बाहेर येतं. आपण म्हणतो, पोटभर झालं. मधला गोळा कोरडाठाक. कोकोपीटचंही, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचंही, तेच. ओलं आहे तोवर ते पाणी धरून ठेवतं, एकदा पुरतं वाळलं की पाण्याला आत शिरूच देत नाही, थेंब वर तरंगत राहतात. नर्सरीतून आणलेल्या झाडांचा घोटाळा याहून लपलेला असतो. ती येतात घट्ट लाल मातीच्या गोळ्यात. आपण तो गोळा तसाच उचलून भुसभुशीत, खत-कोकोपीटच्या मिश्रणात बसवतो. पाणी सोप्या वाटेनं जातं, बाहेरचं मिश्रण चिंब होतं, बोट घातलं तर बोटही ओलं होतं, आणि झाडाची सगळी मुळं ज्यात आहेत तो लाल गोळा मधोमध विटेसारखा सुकत जातो. ‘रोज पाणी घालते, तरी गेलं’ अशी जी तक्रार ऐकू येते, त्यातल्या बऱ्याच झाडांची कुंडी उपडी केली तर हा कोरडा गोळा जसाच्या तसा हातात येतो.

उपाय कष्टाचा आहे, पण अवघड नाही. कुंडी उचलता येण्यासारखी असेल तर बादलीत किंवा टबात काठापर्यंत बुडवून ठेवायची. बुडबुडे यायला लागतात, आधी भराभर, मग एकेक. ते थांबायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. मग काढून सावलीत निथळत ठेवायची. मोठी कुंडी असेल तर वरची इंचभर माती खुरप्यानं मोकळी करायची, कडेच्या फटीत गांडूळखत आणि ओलं कोकोपीट काठीनं ठोसून भरायचं, आणि पाणी तीन हप्त्यांत द्यायचं: एक मग, दहा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. पहिला मग फक्त मातीला जागं करायला असतो. बारा इंची कुंडीला दीड ते दोन लिटर पाणी एका वेळी पुरतं, दहा इंचीला लिटरभर. मात्र कुंडी काठोकाठ भरलेली असेल तर हे पाणी बसायला जागाच नसते, ते ओसंडून फरशीवर जातं. वर दीड इंच काठ रिकामा हवा. एवढी साधी गोष्ट, पण दर पावसाळ्यात आपण हौसेनं खत वर-वर टाकत जातो आणि काठ हरवून बसतो.

वेळ सकाळची, आठच्या आत. सकाळी जमलं नाही तर सूर्य मावळल्यावर, फरशी कोमट झाल्यावर. दुपारी पाणी घातलं की पानांवरचे थेंब भिंगासारखे पानं जाळतात असं सांगतात, त्यात फारसा अर्थ नाही. दुपारच्या पाण्याचा खरा त्रास वेगळा आहे: ते गरम असतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी अकरापासूनच तापतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपात साचलेलं पाणी तर हाताला चटका देतं. पाइप सुरू केल्यावर पहिलं पाणी बादलीत सोडायचं, हात लावून पाहायचा, मग झाडाकडे वळायचं. बादली वाया जात नाही, संध्याकाळी ती गार झालेली असते. शक्यतो आदल्या रात्री दोन-तीन बादल्या भरून ठेवणं उत्तम.

मुळांना तापवण्यात पाण्याहून मोठा वाटा फरशीचा. गच्चीचा स्लॅब रात्री नऊपर्यंत धग सोडत असतो. कुंडी थेट त्यावर ठेवली की बुडातली मुळं, म्हणजे नेमकी कोवळी, पाणी ओढणारी टोकं, भाजून निघतात. दोन विटांवर कुंडी उचलून ठेवली तरी खालून हवा खेळते आणि पाणीही मोकळं निघतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या आणि ग्रो बॅग यांना ओलं गोणपाट गुंडाळायचं, किंवा बाहेरून चुना फासायचा. दिसायला वाईट दिसतं, पण काम करतं. मातीच्या कुंडीतून पाणी भिंतीवाटे झिरपून उडतं, म्हणून ती लवकर सुकते आणि त्याच कारणानं आतून गारही राहते. पाणी वाचवायचं असेल तर प्लास्टिक, मुळं वाचवायची असतील तर माती. दोन्ही साधायचं असेल तर प्लास्टिकची कुंडी मातीच्या कुंडीत बसवून मधल्या जागेत वाळू भरायची आणि वाळू ओली ठेवायची. मोठ्या कुंड्या पश्चिमेच्या अंगाला, लहान त्यांच्या आडोशाला, सगळ्या जवळजवळ. एकेकट्या, कठड्यावर रांगेनं मांडलेल्या कुंड्या फोटोत छान दिसतात, वाऱ्यात मात्र सगळ्यात आधी त्याच सुकतात.

हिरवी जाळी हल्ली सगळेच बांधतात, आणि सगळ्यांवर बांधतात. भाज्या, शेवंती, गुलाब यांना पन्नास टक्के ऊन अडवणारी पुरते. फर्न, शोभेची पानं, नुकतीच उगवलेली रोपं यांना पंच्याहत्तरची. पण मोगरा जाळीखाली गेला की पानं हिरवीगार होतात आणि कळ्या येत नाहीत. त्याला सहा तास तरी थेट ऊन हवंच. बोगनवेल, अडेनियम, सदाफुली यांनाही जाळीची गरज नाही. बोगनवेल तर जरा उपाशी ठेवली, पाण्याचा ताण दिला, की रंगानं फुलते. रोज लाडानं पाणी घालणाऱ्याच्या घरी ती नुसती हिरवी वाढत राहते. जाळी झाडांना टेकेल इतकी खाली नको, सात-आठ फुटांवर हवी, म्हणजे खालून गरम हवा निघून जाते. आणि पश्चिमेच्या बाजूला ती पडद्यासारखी खाली सोडायची. दोननंतरचं तिरपं ऊन वरच्या जाळीखालून आत शिरतं, ते अडवलं नाही तर निम्मा खर्च फुकट.

एप्रिलात दिंडोरी-निफाडकडे गेलं की द्राक्षबागांची खरड छाटणी झालेली दिसते. माल निघून गेलेला, वेल बोडके, आणि त्या ऐन उन्हात फुटणाऱ्या काड्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड घडत असतात. बागायतदार बुंध्याशी उसाचं पाचट अंथरतात, उघडी माती उन्हाला दाखवत नाहीत. शहरातले आपण कुंडीतली माती स्वच्छ, उकरलेली, उघडी ठेवतो आणि पडलेली पानं झाडून कचऱ्याच्या गाडीत देतो. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाची, बदामाची पानं पोत्यानं मिळतात, फुकट. दोन इंचांचा थर द्यायचा, बुंध्यापासून दोन बोटं जागा सोडून, नाहीतर खोड ओलं राहून कुजतं. रसवंतीवरची चिपाडंही मिळतात, पण ताजी आणली तर साखरेनं मुंग्यांची जत्रा भरते. आठवडाभर कडक उन्हात वाळवून, तुकडे करूनच घालावीत. जमिनीतल्या वाफ्यात वाळवी लागायची भीती असते, तिथे पाचोळ्याखाली मूठभर निंबोळी पेंड पसरावी. आच्छादन घातलेल्या कुंडीला पाण्याची पाळी उशिरा येते, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. फक्त पाणी देताना पाचोळा बाजूला सारून मातीवर द्यायचं, नाहीतर तोच पिऊन बसतो.

खताच्या बाबतीत मे महिना उपासाचा. ताजं शेण, युरिया, घट्ट पेंडीचं पाणी, यातलं काही नको. तापलेल्या, अर्धवट सुकलेल्या मातीत खत गेलं की पानांच्या कडा करपतात. जीवामृत चालतं, तेही पातळ. घरापुरतं करायचं तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम काळा गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि झाडाखालची चिमूटभर माती. सावलीत, फडक्यानं झाकून, दिवसातून दोनदा ढवळत दोन दिवस ठेवायचं, आठवड्याच्या आत संपवायचं, आणि एकाला दहा पाणी घालून, तेही आधी साधं पाणी दिलेल्या कुंडीतच ओतायचं. वास येतो. खालच्या मजल्यावर वाळवण घातलेलं असेल तर त्या दिवशी नको. कुरडयांची चौकशी करायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून परत जातात.

मोगऱ्याला मात्र या दिवसांत थोडं जास्त लागतं, कारण तो कामावर असतो. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून एक बहर ओसरला की प्रत्येक फांदीचा शेंडा, दोन-तीन पानांच्या जोड्यांसकट, कात्रीनं उडवायचा आणि कुंडीत मूठभर जुनं शेणखत घालायचं. आळस केला तर वेलासारख्या लांब, वांझ फांद्या निघतात. कळ्या संध्याकाळी काढायच्या, त्यांचा हिरवटपणा जाऊन त्या पांढऱ्या, टपोऱ्या झाल्यावर. बटमोगऱ्याची कळी चिमटीत धरली की आतल्या घट्ट गुंडाळलेल्या पाकळ्यांचा टणकपणा बोटांना कळतो. ती पाण्याच्या वाटीत ठेवली की रात्री दहापर्यंत सुटते आणि घरभर होते. ज्या शहराला मुघलांनी गुलशनाबाद म्हटलं, तिथे मोगऱ्याचा गजरा आता चौकात विकत घ्यावा लागतो, याचं वाईट वाटतं. पण एक बरी वाढलेली कुंडी वाटीभर कळ्या देते, हेही खरं.

या कोरड्या हवेत सगळ्यात सुखी कोण असेल तर लाल कोळी ही कीड. गुलाब, वांगी, भेंडी, जास्वंद, काहीही चालतं त्याला. आधी पानावर बारीक फिकट ठिपके येतात, मग पान तांबूस, धुळकट दिसू लागतं. आपण म्हणतो धूळ बसली. पान पांढऱ्या कागदावर झटकायचं: टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतात, आणि क्षणभर थांबलं की ते ठिपके चालायला लागतात. बोट फिरवलं तर लाल रेघ उमटते. पानाच्या पाठीमागे, शिरांच्या बेचक्यात बारीक जाळी असते. याला औषधाआधी पाणी. सकाळी पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून पानांच्या खालच्या बाजूला जोराची धार, तीन-चार दिवस ओळीनं. मग निमतेल: लिटरभर कोमट पाण्यात आधी थोडा द्रव साबण, तो विरघळल्यावर पाच मिली तेल. उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाला नुसतं तेलच बसतं. फवारणी ऊन उतरल्यावरच. द्राक्षवाला पाहुणा बागेतलं उरलेलं गंधक देऊ करतो. ते कोळ्यावर चालतं, पण पारा बत्तिशीच्या वर असताना पानं करपवतं, तेव्हा धन्यवाद म्हणून कपाटात ठेवावं. मिरचीची पानं वर वळून द्रोणासारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. दोन्हींना आपण सरसकट चुरडामुरडा म्हणतो आणि चुकीचं औषध मारतो.

भाज्यांत भेंडी, गवार, दोडका, दुधी यांचं राज्य. कोथिंबीर बोटभर वाढून फुलावर जाते, टोमॅटोची फुलं पस्तिशीच्या पुढे गळतात, त्यांच्या मागे लागू नये. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, मधमाशा तोवर घरी गेलेल्या असतात. इवलासा दुधी पिवळा पडून गळला तर खत कमी पडलं असं नसतं, परागीकरणच झालेलं नसतं. दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या, आणि ज्या फुलामागे बारका दुधी आहे त्याच्या मधल्या भागावर हलकेच फिरवायचं. दोन दिवसांत बारक्याचं देठ खाली वळलं की जमलं.

हे सगळं करताना एक टोचणी राहतेच. शहराला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणाची पातळी पेपरात रोज छापून येते, कपातीची चर्चा निघते. आणि पेठ-सुरगाण्याकडे, जिथे पावसाळ्यात धो-धो कोसळतं, तिथल्या बाया मे महिन्यात हंडा घेऊन डोंगर उतरतात. तेव्हा मोगऱ्याला दीड लिटर, हा आकडा लिहितानाही हात थोडा अडखळतो. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या विसळलेलं, एसीच्या नळीचं पाणी निःशंक वापरावं. आरओचं फेकलेलं पाणी रोज त्याच कुंड्यांना नको, क्षार साचून कडेला पांढरी पुटं चढतात. आठवड्यातून एकदा, फिरवून, चालतं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात, तोच प्रकार झाडालाही पुरतो: बुडाला बारीक छिद्र पाडलेलं मडकं, छिद्रात सुती वात, खाली कुंडी. मे महिन्यात गावाला जायचं असेल तर हीच सोय. फक्त निघायच्या आदल्या रात्री लावू नये. दोन दिवस आधी लावून पाहावं, कारण वात कधी इतकी घट्ट बसते की थेंब पडत नाही, कधी इतकी सैल की मडकं रात्रीत रिकामं. आणि शेजाऱ्यांवर पाणी सोपवलंच तर ‘रोज घाला’ असं म्हणू नये. ‘माती कोरडी लागली तरच’ असं म्हणावं, आणि एकदा बोट घालून दाखवावं.

रोहिणी लागायच्या आत जाळी सैल करून गाठी सोडवायच्या सोप्या ठेवाव्यात. वळवाचा वारा पहिल्या झटक्यात जाळीत भरतो आणि बांबूसकट सगळं शेजारच्या गच्चीवर नेतो. कुंड्यांखालच्या बशा काढून, धुऊन, उपड्या रचून ठेवायच्या, नाहीतर पहिल्या पावसात त्यात डास. प्रत्येक कुंडीच्या बुडाच्या छिद्रात काडी घालून पाहायचं, वर्षभरात मुळं आणि गाळ यांनी ते बुजलेलं असतं, आणि उन्हाळ्यात जे खपून गेलं ते मृगात खपत नाही, झाड उभ्या उभ्या बुडतं. गच्चीचा पाणी जायचा मार्गही त्याच दिवशी मोकळा करावा. सहा महिन्यांचा पाचोळा, कोकोपीट आणि चिपाडाचे तुकडे तिथे जाऊन बसलेले असतात, आणि ते तुंबलं की पाणी खालच्या फ्लॅटच्या छतातून उतरतं. मग सोसायटीच्या बैठकीत विषय एकच असतो, आणि तिथे मोगऱ्याच्या बाजूनं कुणी बोलत नाही.